भरलेली बाटली

नाना सकाळी चहाच्या आधी पिंजऱ्याजवळ जात आणि पाण्याच्या बाटलीला दोरा बांधत. जळगावात ते आमचे शेजारी होते. मूळचे भडगावचे, धुळ्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेतली जनावरे सांभाळून निवृत्त झालेले. बायको गेल्यावर त्यांनी तीन पांढरे उंदीर पाळले. पिंजऱ्याला बाटली उलटी टांगलेली असे आणि तिच्या नळीच्या तोंडाशी बारीक छर्रा. उंदीर चाटतो, छर्रा हलतो, थेंब येतो. पाणी जिथवर असेल तिथे नाना दोरा बांधत आणि संध्याकाळी किती उतरले ते पाहत.

"भरेल बाटली देखीसन खूश व्हवानं नही," ते सांगत. "उंदीर वरडत नही. पानी उतरनं तरच समजानं, त्यानी पिधं."

बोअरच्या पाण्याचे क्षार बसून छर्रा अडकतो, म्हणून ते रोज नळीला बोट लावत. उन्हाळ्यात जोडीला मातीची जड वाटी आणि काकडीच्या फोडी. मी एकदा म्हणालो, "नाना, एवढी बडदास्त माझीही नाही."

"तू मांगी लेस," ते म्हणाले.

त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात हर्नियाचे ऑपरेशन ठरले. मी बाहेरगावी होतो, म्हणून त्यांनी उंदीर पाळीव प्राण्यांच्या एका दुकानात ठेवले. दोरा, वाटी, काकडी, सगळे समजावून दिले. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात पोचलो तेव्हा ते दुकानदाराशी फोनवर बोलत होते. स्पीकर चालू होता.

"टेन्शन घेऊ नका, नाना. बाटली एकदम फुल आहे."

"काल भरी का?"

"भरायची वेळच आली नाही. तुम्ही दिली तशीच आहे."

नानांनी फोन ठेवला आणि चपला शोधू लागले. सलाईनची सुई हातात तशीच होती. डॉक्टरांना विचारू, असे मी म्हणेपर्यंत ते जिन्यापर्यंत गेले. आम्ही रिक्षा केली.

पिंजरा दुकानामागे पत्र्याखाली होता. बाटली काठोकाठ. 'घाण होते' म्हणून वाटी बाहेर काढून पालथी घातलेली. दोन उंदीर मेलेले होते. तिसऱ्याची मानेमागची कातडी नानांनी चिमटीत उचलून सोडली. अंगात पाणी असेल तर ती लगेच बसते. तशीच उभी राहिली. त्यांनी ओले बोट त्याच्या तोंडाशी धरले. बऱ्याच वेळाने जीभ हलली.

"उंदीरच तर होते, नाना," दुकानदार म्हणाला. "दोन नवीन देतो."

हा माणूस क्रूर नव्हता. रोज पिंजऱ्यापाशी जात होता, भरलेली बाटली पाहत होता आणि आपले काम झाले असे समजून परत येत होता. मला त्याचा राग येतो तो यासाठीच.

"नवा नको माले," नाना म्हणाले. "तुना बठ्ठा पिंजरा दखाड."

"आत्ता? गिऱ्हाइकं आहेत, नाना."

"त्यास्ले बी दखाड."

पोटाच्या टाक्यांवर एक हात दाबून नाना दुकानातल्या एकेका पिंजऱ्याच्या नळीला बोट लावत गेले. आणखी दोन बंद निघाल्या. दुसरीपाशी त्यांनी दुकानदाराचेच बोट धरले आणि कोरड्या नळीवर टेकवले.

"आते सांग. फुल शे?"

नानांनी दोन्ही नळ्या त्याच्याकडून धुऊन घेतल्या आणि थेंब पडल्यावरच तिसऱ्या उंदराला घेऊन निघाले.

आम्ही परतलो तोवर केसपेपरवर 'रुग्ण न सांगता निघून गेला' अशी नोंद झाली होती. नानांच्या टाक्यांतून रक्त येत होते. सिस्टर संतापल्या होत्या आणि त्यांचे चुकत नव्हते.

"असं काय अडलं होतं, नाना? कुठे गेला होतात?"

"पानी पाजाले गयथू," नाना म्हणाले आणि सुईचा हात पुढे केला.