डब्यातलं थायलंड

धुळ्याहून चाळीसगावला जाणाऱ्या एसटीत शेजारच्या अक्कांनी डबा उघडला. सुनेनं मोबाइलवर पाहून पाच मिनिटांत केलेली थाय करी होती. दिसतही पाच मिनिटांचीच होती. अक्कांनी एक घास खाल्ला, पिशवीतून ठेच्याची बाटली काढली आणि अर्धी डब्यात रिकामी केली. थायलंड बघता बघता खानदेशात विलीन झालं.

“सुनेला सांगत का नाही?” मी विचारलं.

“ती कामवर जास, भाऊ. दमेल राहस, तरी मन्हाकरता रांधस. नावं कशी ठेवू?”

तेवढ्यात सुनेचाच फोन आला. करी कशी झाली, विचारत होती.

“भारी शे, बेटा! आखो एकदा करजो,” म्हणत अक्कांनी बाटली घाईघाईनं पदराआड लपवली.

फोनवर नुसता आवाज जातो, हे त्यांना सांगावंसं मला वाटलं नाही.