पत्रेकाकांचं सोयीचं बहिरेपण

पत्र्याची पिंपं ठोकण्यात पत्रेकाकांची तीस वर्षं गेली. दुकानात मित्रांचं बोलणं त्यांना नीट कळे, पण घरी बायको बोलली की नुसतं पुटपुटल्यासारखं वाटे.

“माझंच तेवढं ऐकू येत नाही! सोयीचं बहिरेपण तुमचं,” काकू म्हणत.

काका बुचकळ्यात पडत. आपण खरंच सोंग करतो की काय, अशी त्यांना स्वतःचीच शंका येऊ लागली.

शेवटी दोघं कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. तपासून बाई म्हणाल्या, “आवाजाच्या लहरी कानात आत केसांसारख्या पेशींना हलवतात. बायकांसारखे बारीक, उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी आतल्या कानाच्या अगदी तोंडाशी असतात. हातोड्याच्या दणक्यांनी त्याच आधी गेल्या. मित्रांचे जाडे आवाज अजून पोचतात.”

काकू ओशाळल्या. घरी आल्यावर स्वयंपाकघरातून आवाज जाडा काढून त्यांनी विचारलं, “अहो, जेवायला वाढू का?”

काका दचकले. “आत कोण पाहुणे आलेत गं?”

“मीच ती!” काकू तशाच आवाजात म्हणत बाहेर आल्या.

काका त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. शब्द न शब्द कळला होता, पण त्या आवाजात बायको काही ओळखू येईना.