गिरजाबाईचं नाव वाचणारे नारायण सर

नारायण सरांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा माझ्या हातात ऑइल पेंटचा डबा होता. धारूरजवळच्या आमच्या गावात लिंगायत समाजाचा जुना मठ आहे आणि मठामागे आमची दफनभूमी. यात्रेआधी समाध्या रंगवायच्या, हा आमचा रिवाज. थर जितका जाड, तितकी भक्ती मोठी! मी मठाच्या स्वामींची म्हणून पुजल्या जाणाऱ्या समाधीवर केशरी रंग फासत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "रंग कावून लावायलास, अप्पा? खाली अक्षरं हायत की." सर रागावले नाहीत. कपाळाला हात लावून पायरीवर बसले.

सर तेव्हा चौसाळ्याला राहत आणि शाळेत इतिहास शिकवत. ते आमच्या समाजाचे नाहीत. त्यांचे आईवडील ऊसतोडीला जात. सरांचं बालपण फडावरच गेलं. तरी जिल्ह्यातले मठ, दर्गे, कबरस्तानं, पडकी देवळं त्यांनी सुट्टीच्या दिवशी हिंडून पालथी घातली. लोक त्यांना 'मसणातले सर' म्हणत. माझी आई तर तोंडावर विचारायची, "मास्तर, तुमाला घरदार हाय का न्हाई? उठसूट आमच्या मसणात येऊन बसताव!" सर म्हणायचे, "घर हाय, पण तिथं असा चहा न्हाई." मग आई मुकाट्यानं आधण ठेवायची.

त्या समाधीवरचा रंग आम्ही दोघांनी पाच रविवार खरवडला. सर फक्त बांबूची चीप वापरू देत. एकदा कंटाळून मी खिळा लावला, तर सर कडाडले, "आज्याच्या पाठीवर चालवला असतास का बे?" दुसऱ्या दिवशी एवढ्यासाठी माझी माफी मागायला ते एसटीनं आले. एवढा मोठा माणूस, आणि माझ्या दुकानाच्या फळीवर अवघडून बसलेला. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाचव्या रविवारी झिजलेली अक्षरं सरांना लागली. समाधी स्वामींची नव्हतीच. ती गिरजाबाई नावाच्या बाईची होती आणि मठ तिनंच बांधवला होता. गावात गहजब झाला. "आमचे आजे-पणजे बाईच्या पाया पडत आले का?" असं बैठकीत विचारलं गेलं. सर तीन बैठकांना आले आणि तेच तेच शांतपणे सांगत राहिले. शेवटी पुन्हा रंग द्यायचं ठरलं. तो रंग कुणी दिला? मीच दिला. गावात राहायचं होतं, दुकान चालवायचं होतं. हे सरांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात लिहायला नको, असं संपादक म्हणाले. पण त्याशिवाय सरांबद्दल मला काही लिहिताच येणार नाही.

सरांनी रंग पाहिला आणि ते एवढंच म्हणाले, "थकलो अप्पा." ते ऐकून मी रडलो. तरीही आई बीडच्या दवाखान्यात होती, तेव्हा आठ दिवस सर तिच्या उशाशी बसले. तिथं आई त्यांना म्हणाली, "मास्तर, म्या गेल्यावर दगडावर माझं नाव टाका. अप्पाची आई म्हणून नगं." आई गेली. पाथरवटाला अक्षरं सरांनीच काढून दिली. आमच्या दफनभूमीत बाईचं स्वतःचं नाव लिहिलेला अलीकडचा तेवढा एकच दगड आहे.

आज सर पंचाहत्तर वर्षांचे झाले. गुडघे गेले, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. जुन्या जागा वाचाव्यात म्हणून इतकी वर्षं अर्ज केले, बैठका केल्या. निम्मी ठिकाणं तरीही पाडली गेली. मीही आता दमलोय. गिरजाबाई अजून रंगाखालीच आहे. यंदा रंगवायची पाळी पुन्हा माझ्यावर आली. भर बैठकीत मी नाही म्हणालो. सगळे उठून गेले. दुकानात गिऱ्हाईक कमी झालंय, ते असू द्या.

सर, तुम्हाला खूप आयुष्य लाभो आणि ते बिनदुखण्याचं असो. हे मी रीत म्हणून लिहीत नाही, मला तुमची गरज आहे. ती अक्षरं अजून तुमच्याशिवाय कुणालाच लागत नाहीत. यात्रेच्या दिवशी, सगळा गाव जमलेला असताना, मी तुम्हाला न्यायला येतो. रंग मी खरवडीन. तुम्ही खुर्चीवर बसा आणि नाव तेवढं मोठ्यानं वाचा.