पाठीमागून मारलेली हाक

कोंडीबा एका जागी बसलेला मी कधी पाहिला नाही. जेवतानासुद्धा त्याचा एक गुडघा हलत असायचा. आमच्या चाळीत तो आणि त्याची बायको फुलाबाई माझ्या शेजारच्या खोलीत राहायची. माणूस मूळचा सांगोल्याकडचा, बापाचा जन्म मेंढरांमागे चालण्यात गेलेला. हा कापडगिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, लागला, त्याला पंचवीस वर्षं झाली होती. चार साचे एकट्याने सांभाळायचे म्हणजे दिवसभर येरझाऱ्या, आणि त्याला तेच मानवायचं.

चौऱ्याहत्तरच्या श्रावणात साचेखात्यात वाफेची नळी त्याच्या डोक्याशेजारी फुटली. अंगावर ओरखडाही आला नाही, पण दोन्ही कानांतून रक्त आलं आणि त्या दिवसापासून ऐकणं संपलं. कामावर साफ बहिरा झालेल्याला विम्याची जन्मभर पेन्शन मिळते, असं युनियनवाल्यांनी सांगितलं. अर्ज मी लिहिला. मी म्युनिसिपालटीच्या शाळेतली मास्तरीण. चाळीतले सगळे अर्ज माझ्याच गळ्यात पडायचे, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

अर्जात फुलाबाईचाही जबाब लागत होता. मी विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

ती लाजून भिंतीकडे बघायला लागली. "तुमास्नी ठावं हाय की बाई. लिवा की."

"सरकारी कागद आहे. तुम्ही सांगायचं, मी लिहायचं."

"मी कसं घिऊ? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच."

शेवटी मीच लिहिलं आणि तिचा अंगठा घेतला.

"बोर्ड बसलं की कागद येईल," विम्याच्या कचेरीतला कारकून म्हणाला. बोर्ड म्हणजे तीन डॉक्टर. ते बाहेरगावाहून येणार होते, पण कधी, ते त्याला ठाऊक नव्हतं. कोंडीबा दर मंगळवारी जाऊन विचारायचा. मग सोमवारीही जायला लागला. पोस्टमनला त्याने इतकं सतावलं की तो बिचारा मागच्या बोळातून यायला लागला. चाळीतल्या सगळ्या बाजा त्याने उसवून पुन्हा विणल्या, ज्यांना गरज नव्हती त्यासुद्धा. माझी बाज त्याने दोनदा विणली, दुसऱ्यांदा मी शाळेत असताना. मी चिडले, तर म्हणाला, "ढिली व्हती, बाई." ती मुळीच ढिली नव्हती.

गिरणीचा भोंगा त्याला ऐकू येत नव्हता, तरी चाळीतली माणसं डबे घेऊन निघाली की हाही निघायचा. फाटकासमोरच्या हॉटेलपाशी उभा राहून परत यायचा. फुलाबाईच्या जिवाला घोर लागलेला. नव्या पेठेतल्या गर्दीत एकदा मागून येणाऱ्या टांग्याने त्याला खाली पाडलं, तेव्हापासून तो बाहेर पडला की ती हातातलं काम टाकून मागे जायची.

पौषात एकदाचा कागद आला. मी रजा काढली. आदल्या संध्याकाळी समोर बसवून त्याला शिकवलं, जसं परीक्षेला बसणाऱ्या पोरांना शिकवते तसं. "साहेबांपुढे मान खाली घालायची नाही. त्यांच्या तोंडाकडे बघायचं. विचारतील त्याचं नीट उत्तर द्यायचं." माझी ही अक्कल आठवली की आजही माझा मलाच संताप येतो.

मधले पांढऱ्या केसांचे डॉक्टर मोठे मायाळू. त्यांनी नाव विचारलं, गाव विचारलं. कोंडीबाने झटक्यात सांगितलं. त्यांनी आवाज उतरवला, "मुलं किती?" "येक ल्येक. दिली मोहोळात." मग अगदी पुटपुटल्यासारखं, "पाणी हवंय का?" "नगं साहेब, पिऊन आलोय." डॉक्टर एकमेकांकडे बघून हसले. मीही हसले. पोरगा पहिला आला असं मला वाटत होतं.

पंधरा दिवसांनी निकाल आला. पडदे फाटलेले आहेत, पण ऐकू येतं. पेन्शन नाही.

कोंडीबाला वाईट वाटायच्या ऐवजी आनंदच झाला. ऐकू येतं असा सरकारी कागद हातात आहे म्हटल्यावर गिरणी कामावर घेईल, असं त्याला वाटलं. तडक गिरणीच्या डॉक्टरकडे गेला. त्या डॉक्टरने कागद वाचला, उद्या ये म्हणाला, आणि हा दारापर्यंत पोचल्यावर मागून हाक मारली. एकदा, दोनदा. हा आपला निघून आला. दुसऱ्या दिवशी फाटकावर सांगितलं की बहिरा माणूस साच्यावर नको.

म्हणजे विम्याच्या लेखी ऐकू येतं म्हणून पेन्शन नाही, आणि गिरणीच्या लेखी येत नाही म्हणून काम नाही. त्यांची खोली गिरणीने भाड्याने घेऊन दिलेली होती, तीही महिन्याभरात सोडायची होती. कोंडीबा रात्रंदिवस व्हरांड्यात फेऱ्या मारायला लागला.

मी त्याला खोलीत बोलावून रागानेच विचारलं, "बोर्डापुढे पाणी नको हे तुम्हाला कसं कळलं?"

"दिसलं की."

"काय दिसलं?"

"साहेबाचं तोंड. बाई, साचेखात्यात आईकतंय कोन? समदी तोंडं बगूनच बोलत्यात. धा साच्यांपल्याडनं मुकादम काय म्हनला ते वळखाया न्हाय आलं, तर त्यो कसला कामगार?"

मी कपाळावर हात मारला. सहा महिने हा माणूस माझ्यासमोर उभा राहून माझं बोलणं वाचत होता, आणि मी ओरडून बोलते म्हणून त्याला थोडंफार कळतं, असं मी धरून चालले होते. "मग साहेबांना सांगायचं नाही?"

"इचारलं कुटं? तुमीच म्हनला, तोंडाकडं बगा, नीट उत्तर द्या."

त्याच दिवशी मी दुसरा अर्ज लिहिला. साचेखात्यातली माणसं ओठ वाचतात, तरी याची तपासणी पाठमोरी करावी, असं चार ओळींत लिहिलं. गिरणीच्या साहेबाच्या विनवण्या करून खोलीची मुदत वाढवून घेतली. आणि मग पुन्हा तेच: मंगळवार, कारकून, पोस्टमन.

बोर्ड वैशाखात बसलं. पांढऱ्या केसांचे तेच डॉक्टर होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि कोंडीबाला भिंतीकडे तोंड करून बसवायला सांगितलं. फुलाबाई आणि मी त्याच्या मागे उभ्या होतो. डॉक्टरांनी पत्र्याचा ट्रे फरशीवर आपटला. मी दचकले. कोंडीबाचा गुडघा हलत होता तसाच हलत राहिला.

"गिरणीतला माणूस आहे, आदळआपटीची सवय असेल," दुसरे डॉक्टर म्हणाले.

"घरच्या आवाजाला तरी वळतो का बघू." पांढऱ्या केसांच्या डॉक्टरांनी फुलाबाईकडे पाहिलं. "हाक मारा."

"अवो," ती म्हणाली.

"अशी नाही. नावानं. मोठ्यानं."

तिने माझ्याकडे पाहिलं. या वेळी मला तिच्याऐवजी लिहून देता येणार नव्हतं.

"कोंडीबा," ती हळूच म्हणाली. मग तिने पदर कमरेला खोचला, श्वास घेतला आणि हाक मारली, "कोंडीबा!" व्हरांड्यातली माणसं दारातून डोकावायला लागली.

त्याने वळू नये म्हणून मी दोन अर्ज लिहिले होते. पण त्या क्षणी मला मनापासून वाटलं, गेली ती पेन्शन खड्ड्यात, याने एकदा वळावं. तो भिंतीवरचं कॅलेंडर बघत होता. डॉक्टरांनी मान खाली घालून कागदावर लिहिलं, पूर्ण बहिरा.

त्यांनी खांद्याला हात लावल्यावर तो वळला आणि त्याला फुलाबाईचा चेहरा दिसला. बाहेर येऊन बसस्टॉपवर पोचेपर्यंत त्याने मला तीनदा विचारलं, "ही का रडतीया? न्हाय म्हनले व्हय?"

"मिळाली," मी त्याच्यासमोर उभी राहून म्हणाले. "पुरी मिळाली."

"मंग?"

"फुलाबाईंनी हाक मारली तुम्हाला. नाव घेऊन."

त्याने मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग तो तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"म्हन की परत. हितं, माज्याम्होरं म्हन."

तिने पदर तोंडाला लावला. बस आली, माणसं चढली, बस गेली. फुलाबाईने पदर काढला नाही, आणि कोंडीबा तिच्या तोंडाकडे बघत तिथेच उभा राहिला.