बेंदराचं वंगण

कृष्णात मेस्त्रीचे वडील बैलगाड्या करणारे सुतार. आख बसवण्यात आणि चाक भरण्यात त्यांचा हात धरणारा निपाणीच्या आसपास कोणी नव्हता. मुलगा मात्र सोळाव्या वर्षी बेळगावच्या एका गॅरेजात मोटारीखाली शिरला आणि मग जन्मभर मोटारींखालीच राहिला. सहा वर्षं काम शिकून तो परत आला आणि त्याने अकोळ रस्त्याला पत्र्याची शेड टाकली. दारावर पाटी नव्हती. शेडबाहेर वडिलांचं एक जुनं चाक टेकवलेलं असे, तीच खूण.

आमची काळी अँबॅसिडर त्याच्याकडेच असे. माझे यजमान, डॉ. सुकुमार, आजूबाजूच्या खेड्यांत रोगी बघायला जात आणि गाडी मी चालवी, कारण डॉक्टरांना चालत्या गाडीत झोप लागे, मग ते मागे बसोत की पुढे. बाई गाडी चालवते याचं निपाणीला सुरुवातीला नवल वाटलं. नंतर लोकांनी ते सोडून दिलं.

१९८४च्या एप्रिलमध्ये आमच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगचे पाटे दबून बसले. कंपनीचा माल मिळायला दोन-तीन महिने लागत. कृष्णात म्हणाला, "वैनी, बेळगावाजवळ मच्छ्याला एक जण पाटे करतोय. रबरी बुशबी त्योच देतोय. माल मी हातानं बघून आलोय. डोळं झाकून बसवा." आम्ही पाटे बसवले, आणि त्यांच्या टोकांच्या सांध्यांत बसतात ते रबरी बुशही. आमचं बघून टॅक्सी स्टँडवरच्या सात जणांनीही बसवून घेतले. मे महिनाभर सगळ्या गाड्या लोण्यावरून चालल्यासारख्या चालल्या.

जूनच्या शेवटी आमच्या गाडीने कुईकुई सुरू केली. खड्डा आला की मागून एखादं कुत्र्याचं पिल्लू पायाखाली सापडल्यासारखा आवाज यायचा. पाऊस पडला की गप्प, उघडीप झाली की पुन्हा सुरू. डॉक्टर त्या आवाजाने झोपेतून जागे होऊ लागले, तेव्हा मी गाडी मेस्त्रीकडे नेली. तिथे आधीच चार टॅक्स्या उभ्या होत्या, सगळ्यांचं दुखणं तेच.

"मेस्त्री, परवा लग्नाचं भाडं होतं," एक ड्रायव्हर सांगत होता. "नवरी रडंना, पर गाडी रडाय लागली."

"सासरला गाडीबी जाणार हुती न्हवं," दुसरा म्हणाला.

कृष्णात हसला नाही. त्याने गाडीखाली जाऊन बुशांवर आणखी ग्रीस चढवलं. चार दिवस बरं वाटलं आणि पाचव्या दिवशी आवाज दुप्पट झाला. त्याने पाट्यांच्या पट्ट्या सोडवून घासल्या, नट आवळले, सैल केले, पुन्हा आवळले. एकदा तर तो आमच्या डिकीत आडवा झाला आणि मला म्हणाला, "वैनी, जरा खड्ड्या-खड्ड्यातनं न्हेवा." मी नेली. स्तवनिधीच्या वळणापर्यंत जाऊन आलो. तो बाहेर आला तेव्हा कपाळाला टेंगूळ होतं. "आवाज बुशातनंच हाय," तो म्हणाला. "मच्छ्याच्या त्या बाबानं फसीवलं मला."

पुढचा दीड महिना त्याने मच्छ्याच्या त्या बाबाला रोज शिव्या दिल्या. टॅक्सीवाल्यांनी मात्र त्याला सरळ सांगून टाकलं, "गणपतीपर्यंत आवाज गेला तर बरं. न्हाय तर आमी कोल्हापूरला जातो." निपाणीत तेव्हा गाड्या होत्याच किती? त्या सात गेल्या म्हणजे शेड बंद. त्याची बायको गंगव्वा हिशेबी बाई. तिचा भाऊ ज्योतिबा तंबाखूच्या वखारीत मुकादम होता. गणपतीनंतर मेव्हण्याला वखारीत बोद, म्हणजे तंबाखूची मोठी पोती, मोजायला लावून घेतो असं त्याने कबूल केलं होतं आणि गंगव्वाने होकार कळवलाही होता. ज्या माणसाला चार भिंतींच्या आत बसून जेवायचाही कंटाळा, तो वखारीत बोद मोजणार. कृष्णात त्या दिवसांत माझ्याशी बोलताना हातातला पाना खाली ठेवायचाच नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी शेडमध्ये बसले असताना सिद्रामची टॅक्सी आली. सिद्राम त्या सात जणांतलाच. गाडीतून उतरला तो तोंड पाडूनच.

"का रं सिद्राम, रुसलास?" कृष्णातने विचारलं.

"रुसू न्हाय तर काय करू? बेंदराला समद्यांच्या गाड्यांना वंगण दिलासा, हळदकुकू लावलासा. मी लोंढ्याला भाडं घिऊन गेलतो, तर माझ्या गाडीचा मान ऱ्हायला. दोन महिनं झालं, एका शब्दानं इचारला न्हाईसा."

आमच्याकडे ज्येष्ठातल्या बेंदराला बैल धुऊन सजवतात, आणि सुताराच्या घरी त्या दिवशी गाड्यांच्या आखांना फुकट वंगण देण्याची चाल आहे. कृष्णातने वडिलांची ती चाल मोटारींना लावली होती. बेंदराच्या सकाळी शेडमध्ये येईल त्या गाडीला तो कुंकू लावी आणि जिथे जिथे दोन भाग एकमेकांना घासतात तिथे बोटाने भरपूर ग्रीस थापी. आमच्याही गाडीला मिळालं होतं. त्या वर्षी दोघांनी मिळून दोन डबे संपवले, असं तो अभिमानाने सांगत असे. दोघे म्हणजे तो आणि गंगव्वा.

मी सिद्रामच्या गाडीकडे बघत होते. शेडच्या तोंडाशी मोठा खड्डा आहे. त्यावरून ती आली होती आणि काही वाजलं नव्हतं.

"सिद्राम, गाडी जरा मागे घेऊन परत आणता?" मी म्हटलं.

त्याने आणली. चूं नाही की चां नाही. कृष्णात चार वेळा तिला त्या खड्ड्यातून न्यायला लावून ऐकत उभा राहिला.

घरी येऊन मी रोजनिशी काढली. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी रोज संध्याकाळी चार ओळी लिहायची शिस्त लावली, ती सुटलेली नाही. बेंदराची नोंद होती आणि त्यानंतर नवव्या दिवशी 'गाडी कुरकुरते' अशी. सूर्यास्ताआधी जेवायला बसलो तेव्हा मी डॉक्टरांना हे सांगितलं. ते भाकरी मोडत म्हणाले, "रबराला ग्रीस लावलं? अगं, माझ्या रबरी हातमोज्यांना व्हॅसलीन लागलं तर दोन दिवसांत फुगून मऊ होतात. ग्रीस त्याचाच भाऊ."

दुसऱ्या दिवशी मी हे कृष्णातला सांगितलं. त्याने वाद घातला नाही. दोन कोरे बुश घेतले, एक ग्रीसच्या डब्यात बुडवला, एक पाण्यात टाकला. आठ दिवसांनी मला बोलावून दोन्ही तळहातावर ठेवले. पाण्यातला जसाच्या तसा. ग्रीसमधला फुगून पिकल्या बोरासारखा मऊ झाला होता, नखाने दाबला की खूण राही.

"आमचं आबा लाकडाला आन लोखंडाला वंगण द्यायचं," तो हळूच म्हणाला. "त्यात रबर कुठं हुतं? माझ्या ध्यानातच आलं न्हाय." मग थोड्या वेळाने, "वैनी, आता ह्ये स्टँडवर कसं सांगू? मच्छ्याच्या माणसावर ढकलून नवं बुश घातलं, तर आवाज जाईल आन नावबी ऱ्हाईल. खरं सांगितलं, तर म्हणतील ह्येला रबर कळत न्हाय. मग वखार हायच."

तो निर्णय माझा नव्हता.

रविवारी त्याने सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. मीही गाडी घेऊन गेले. दोन्ही बुश त्याने फळीवर ठेवले आणि उभ्याउभ्या सांगून टाकलं, "आवाज माझ्या वंगणानं आलता. माल चांगला हुता. नवं बुश मी माझ्या पदरचं घालतो. त्यास्नी कोरडंच ठेवायचं."

एकाने फुगलेला बुश नखाने दाबून बघितला.

"मग त्या मच्छ्याच्या माणसाला दीड महिना दिलेल्या शिव्या?" कोणीतरी विचारलं.

"माघारी घेतल्या. पत्र धाडलंय."

"पत्रात समद्या लिवल्यास काय रं?"

तेव्हा सगळे हसले. सिद्राम सगळ्यांत मोठ्याने हसला, कारण मान न मिळालेली त्याची गाडी एकटीच शहाणी ठरली होती. दोघांनी मात्र शेवटी गाड्या कोल्हापूरला नेल्याच. ज्याला आपलंच काम कळत नाही त्याच्याकडे कशाला यायचं, असं ते म्हणाले, आणि त्यांचं अगदी चुकलं असंही मला वाटत नाही. सिद्रामच्या गाडीला गरजच नव्हती; उरलेले चार जण त्याच दिवशी रांगेत लागले. एकजण म्हणाला, "चुकी आपली हाय म्हणून सांगणारा मेस्त्री मी अजून बघितला न्हवता. म्हणून ऱ्हातो."

गणपती बसायच्या आदल्या दिवशी ज्योतिबा बहिणीकडे, शेडला लागूनच्या घरी, आला. वखारीतली जागा त्याने राखून ठेवली होती, सोमवारपासून यायचं म्हणून सांगायला आला होता. मी आमच्या गाडीचे बुश बघून घ्यायला तिथेच होते. गंगव्वाने भावाला चहा दिला. अंगणात टॅक्स्या आडव्यातिडव्या उभ्या होत्या आणि त्यांतल्या एकीखालून कृष्णातचे पाय तेवढे दिसत होते.

"आण्णा," ती म्हणाली, "बोद मोजाय दुसरा कोण तरी बघ. आमच्या ह्यास्नी सवड न्हाय."

"त्यो स्वतः म्हणला काय तसं?"

"त्ये कशाला म्हणत्यात. गाडीखालनं बाहेर आलं तर म्हणतील."