जप्तीचं घंगाळ

कर भरणं हा नागरिक आणि सरकार यांच्यातला करार आहे. आमच्या पत्रकाची ही पहिली ओळ मी लिहिली होती. वडिलांनी ती चहा पिता पिता वाचली. ते नगरपालिकेच्या शाळेत मास्तर.

"करार? मग तू सही कुठं केलीस?"

"नळाचं पाणी प्यायलो, हीच सही."

"नळाला तर पाणीच नाही."

"तेच म्हणतोय मी!"

ते हसले नाहीत. "माझा पगार लोकांच्या करपट्टीतून येतो आणि तुझ्या पत्रकाचा कागद माझ्या पगारातून. जरा बेतानं."

बेतानं काय? आमच्या बुऱ्हाणपुरात बादशहाच्या काळातले भुयारी कालवे अजून पाणी देतात, आमच्या गल्लीच्या नळाला मात्र उन्हाळाभर थेंब नव्हता. तक्रारीचा अर्ज केला तेव्हा आमची राजधानी नागपूर होती. मग राज्यांची नवी आखणी झाली. नागपूर-वऱ्हाड तिकडे मुंबई राज्यात गेलं, बुऱ्हाणपूर इकडे मध्य प्रदेशात राहिलं, राजधानी भोपाळ झाली. अर्जाचं विचारलं की वसुली कारकून म्हणायचा, "फाइल नागपुर में थी, अब भोपाल गई होगी." अर्ज गाड्या बदलत फिरत राहिला. पाणीपट्टीचं बिल मात्र एकदाही चुकीच्या स्टेशनावर उतरलं नाही. बरोबर दारात.

पत्रकाचं म्हणणं सरळ होतं: पाणी नाही, तर पट्टी नाही. अख्ख्या गल्लीनं माना डोलावल्या. आणि मग एकेकानं गुपचूप जाऊन पट्टी भरली. माझ्या वडिलांनीसुद्धा! शब्द पाळला तो एकट्या शेजारच्या काकूंनी. त्या विणकरांना सूत रंगवून द्यायच्या, आणि नळ आटल्यापासून त्यासाठी तापीवरून पाणी वाहून आणायच्या.

जप्ती आली ती त्यांच्याच घरी. कारकुनानं चहूकडे नजर फिरवली आणि रंगाचं तांब्याचं घंगाळ उचललं. ते गेलं की काकूंचं काम बंद, चूलही बंद.

"हेच नेलंत तर त्या पट्टी कशातून भरणार?" मी ओरडलो.

"वो हम क्या जानें, भैया? कायदा है."

कायदा! पट्टी न भरणाऱ्याचं घंगाळ उचलायचं, मग पाणी न देणाऱ्याच्या घरी जप्ती कोण नेणार? नगराध्यक्षांची खुर्ची कुणी उचलली का? करार मोडतो एक पक्ष आणि शिक्षा भोगतो दुसरा, हा कसला करार?

मी घरोघर जाऊन सुनावलं, "माना तुम्ही डोलावल्या, घंगाळ त्यांचं गेलं. आता निदान लिलावात तोंड उघडू नका."

लिलाव कचेरीच्या आवारात होता. ढोल वाजला. गल्ली आली आणि हाताची घडी घालून उभी राहिली. वडीलही होते, मागे. पुढे बाजारातला तांबट होता. मी त्याच्याच तोंडाकडे बघत होतो. त्यानं एक आकडा उच्चारला की संपलंच.

"बोली लगाओ भाई!"

कुणी हललं नाही.

"चार आणे," काकू म्हणाल्या.

कारकून चमकला. "बाई, माल तो तुम्हारा ही है. तुम कैसे बोलोगी?"

"माझा आहे? मग द्या की परत!"

आवारभर हशा पिकला. कारकून चिडला. "नियम देखना पड़ेगा."

"बघा ना," मी म्हणालो. "नागपूरचे बघता की भोपाळचे?"

तो आत जाऊन तसाच बाहेर आला. जुने नियम चालत नव्हते, नवे आले नव्हते. शेवटी तो तांबटाकडे वळला. "सेठ, आप बोलो."

तांबटानं घंगाळ टिचकी मारून पाहिलं. "माल चोख आहे. पण माझी सून रोज यांच्याच गल्लीच्या नळावरून रिकामी कळशी घेऊन येते. मी नाही बोलत."

दुसरी बोलीच नव्हती; काकूंच्या चार आण्यांवर लिलाव सुटला. त्या चार आण्यांनी पट्टी कसली फिटते!

"काकू, पुढच्या पत्रकात हे सगळं घालतो," मी म्हटलं.

"घाल बाबा. आणि हेही घाल: चार आणे दिले, घंगाळ मिळालं, जागच्या जागी. इतक्या वर्षांत नगरपालिकेनं पैसे घेऊन माझ्या हातात काही दिलं, ते हेच. ही कडी धर आता. आज घाटावरच सूत रंगवते."

दोन बाजूंनी घंगाळ धरून आम्ही तापीकडे निघालो. नळ वाटेतच होता. काकूंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी पाहिलं. तोटी कोरडी ठणठणीत होती, आणि बाकीची पट्टी काकूंच्या नावावर तशीच उभी होती.