हेरंब आणि डॅशबोर्डवरचा गणपती

काळाचौकीला आमच्या चाळीच्या जिन्याखाली हेरंब परबचा गाळा आहे. गाड्यांच्या वायरिंगचं काम. गाळ्यात तो आणि त्याचं सामान एवढंच मावतं, गाडी बाहेर रस्त्यालाच उभी राहते. आधी तो हॉर्न, वायपर, हेडलाइट एवढंच बघायचा. गाड्यांत कॉम्प्युटर आले तेव्हा त्याची चाळिशी उलटली होती. पण त्याने एक जुना लॅपटॉप घेतला आणि नेटाने शिकला. इंग्रजी सूचना आल्या की मला हाक मारायचा. मी स्टुलावर पेपर वाचत बसलेला असायचो. वायरिंगमधलं मला काही कळत नाही, मी नुसता अर्थ सांगायचो. त्यामुळे हे मी लिहावं की नाही याचीही मला खात्री नाही. पण त्या दिवशी तिथे आम्ही तिघंच होतो, आणि बाकीचे दोघं बोलणार नाहीत.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये हिंदमाताला पाणी तुंबलं आणि राजेश मेस्त्रीच्या गाडीत शिरलं. राजेश आमच्याच चाळीतला, हेरंबच्या वर्गातला. एअरबॅगचा जो कंट्रोलचा डबा असतो तो गिअरच्या खाली, अगदी तळाला असतो. तो गंजला आणि समोर लाल दिवा पेटून राहिला. राजेशला गणपतीला बायकोला, कमलला, घेऊन मालवणला जायचं होतं. हेरंबने नवीन डबा मागवला. नवीन डबा नुसता बसवून चालत नाही. त्याला गाडी कुठली, तिचा चेसिस नंबर काय, कुठल्या सीटला एअरबॅग आहे, हे सगळं लॅपटॉपवरून शिकवावं लागतं. तोवर तो कोराच.

हेरंबने बॅटरीची वायर काढली, दहा मिनिटं थांबला, डबा बदलला, पुन्हा वायर जोडली. मग लॅपटॉप लावताना त्याची नजर डॅशबोर्डवर गेली. डाव्या बाजूला, एअरबॅगची अक्षरं असतात बरोबर त्यांच्यावर, पितळेचा गणपती चिकटवलेला होता. चांगला मुठीएवढा, भरीव.

"राजा, ही मूर्ती इथून काढ."

"का? तुझ्या मध्ये येते?"

"खाली एअरबॅग आहे. फुटली तर मूर्ती सरळ वहिनींच्या तोंडावर येईल."

राजेश हसला. "गणपतीला निघालोय आणि तू बाप्पालाच खाली उतरव म्हणतोस? आधी स्वतःचं नाव बदल, हेरंब्या मेल्या!"

"मग मागच्या काचेपाशी ठेव."

"आपण पुढे आणि देव मागे? आई मला दारात उभं करणार नाही."

हेरंब लॅपटॉपकडे वळला. चेसिस नंबर लिहून झाला. मग स्क्रीनवर एक प्रश्न आला आणि त्याने मला बोलावलं. मी वाचून सांगितलं, "चालकाच्या शेजारची एअरबॅग चालू ठेवायची की बंद, असं विचारतंय."

"बंद करू?" हेरंब राजेशला म्हणाला. "मूर्ती आहे तोवर. आल्यावर बघू."

"वा! माझी चालू आणि तिची बंद? तिला कळलं तर मला गावाला पोचायच्या आधीच मारील."

हेरंबने माझ्याकडे पाहिलं. "काका, तुम्ही सांगा."

माझं मत कोणी फारसं विचारत नाही. मी म्हणालो, "राहू दे रे चालू. देव आहे तो, देव कशाला इजा करील?"

त्याने 'चालू' दाबलं. लाल दिवा पेटला, थोड्या वेळाने विझला, परत आला नाही. काम चोख झालं होतं. राजेशने चाकापुढे नारळ फोडला.

मालवणला जाताना घाटाखाली एका वळणावर पुढच्या टेम्पोने ब्रेक मारला आणि राजेशची गाडी त्याच्यावर मागून आदळली. वेग काही फार नव्हता. दोन्ही एअरबॅग उघडल्या. राजेशला खरचटलं. कमलचा उजवा डोळा गेला. डॉक्टर म्हणाले, पट्टा लावलेला होता, नुसती एअरबॅग असती तर नाक सुजण्यावर भागलं असतं. कमल ब्लाउज शिवते. म्हणजे शिवायची.

दिवाळी झाल्यावर ती गाळ्यावर आली. एकटीच. काळा चष्मा होता.

"भावजी, एकच विचारायचंय. मूर्ती काढा म्हणून तुम्ही ह्यांना सांगितलं होतं?"

हेरंबच्या हातात टेस्टर होता. तो खाली ठेवायलाच त्याने बराच वेळ घेतला.

"नाही वहिनी. माझ्या लक्षातच आलं नाही."

"एवढं शिकलात, आणि समोरची मूर्ती दिसली नाही?"

ती माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही इथेच होतात ना?"

"मी पेपर वाचत होतो," मी म्हणालो.

ती गेल्यावर हेरंब म्हणाला, "दुसरं काय सांगणार, काका? तिला त्याच्याबरोबरच राहायचंय." माझं नाव त्याने घेतलं नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही.

आता चाळीत सगळे म्हणतात, हेरंबने काम बिघडवलं. गाळ्यावर गाड्या येत नाहीत. आल्या तर तो बल्ब बदलून देतो आणि बाकीच्या कामाला परळला जा म्हणतो. राजेश समोरून आला की मान खाली घालून जातो. त्याने खरं सांगितलं नाही, आणि मी त्याला दोष तरी कुठल्या तोंडाने देऊ?

खरं सांगायला मी तीनदा कमलच्या दारापर्यंत गेलो. दोनदा तसाच परतलो. तिसऱ्यांदा कडी वाजवली तेव्हा दार राजेशने उघडलं. त्याच्या मागे ती बसली होती, भिंतीकडे तोंड करून.

"काय काका, काही हवं होतं?"

"नाही," मी म्हणालो. "सहज आलो होतो."